भिंगरीबरोबर पळणारी ताई

गावात सगळे तिला टपालताई म्हणत. घरात ती नुसती ताई होती. खांद्याला पत्रांची पिशवी, पायात झिजलेले बूट आणि चालण्याला असा झपाटा की तिच्याबरोबर चार पावलं टाकणाऱ्याला धाप लागावी. चढाच्या गल्ल्या, काळोखे जिने, कुठल्या फाटकामागे कुत्रं आहे आणि कुठल्या खिडकीमागे आजीबाई गप्पांसाठी टपून बसल्या आहेत, हे सगळं तिच्या पायांना पाठ होतं.

घराच्या खालच्या मजल्यावर बाबांची लॉन्ड्री होती आणि वर दोन खोल्या. बाबा उजाडायच्या आधी पाणी तापवायला लावत, आणि वाफ हळूहळू जिन्यावरून वर चढायची. त्यामुळे त्या घरातली सकाळ नेहमीच धूसर, कोमट आणि साबणाच्या वासाची असायची. आई गेली तेव्हा ताई शाळेत होती आणि धाकटी नुकती बोलू लागली होती. त्याच वर्षी धाकटीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचे डोळे घेऊन गेला.

ही धाकटी म्हणजे भिंगरी. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेतल्या हजेरीपुरतं. लहानपणी ती खोलीच्या मधोमध हात पसरून गरागरा फिरायची, भोवळ येऊन पडायची आणि पडल्या पडल्या खिदळायची. शेजारीण धास्तावायची, "अहो, आपटेल ना पोर!" बाबा इस्त्रीवरची नजर न काढता म्हणायचे, "फिरू दे. आपटण्यासारखं काही ठेवलंच नाही तिथं." आणि खरंच नव्हतं. टेबल, खुर्च्या, पेटी, सगळं भिंतीला चिकटून उभं असायचं, जणू पाहुणे आलेत आणि कुणी बसा म्हणालेलं नाही.

भिंगरी हायस्कुलात गेल्यावर तिथल्या खेळाच्या बाईंनी, ज्यांना सगळे कोचबाई म्हणत, ताईला एका दुपारी रस्त्यातच गाठलं.

"तुझ्या बहिणीच्या पायात पळणं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या स्पर्धांमध्ये दिव्यांग मुलामुलींच्या शर्यती असतात, ठाऊक आहे ना? चाकाच्या खुर्चीवरच्या, बसून गोळा फेकायच्या, आणि न दिसणाऱ्यांच्याही. फक्त तिच्या शेजारी दोरी धरून पळणारं कुणीतरी लागेल. गाईड म्हणतात त्याला. घरचं मोठं माणूस असलं तरी चालतं."

"मी आहे की," ताई म्हणाली. विचार तिनं पुढच्या गल्लीत गेल्यावर केला.

बाबांनी एका जुन्या पडद्याची पट्टी कापून हातभर लांबीची दोरी शिवली. दोन्ही टोकांना एकेक कडी, एक भिंगरीच्या बोटांत, एक ताईच्या. तेव्हापासून दोघी रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळू लागल्या. सुरुवातीला एकमेकींच्या पायात पाय अडकायचे, कोपर लागायचं, भांडणं व्हायची. मग कधीतरी दोघींचे हात एकदम पुढे आणि एकदम मागे जाऊ लागले. कधीपासून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ताई पळता पळता बोलायची. तिचं ते कामच होतं. "वळण आलं... डावीकडे झुक... आता सरळ." पण भिंगरीचं तेवढ्यावर भागत नसे.

"आभाळ कसं आहे आज?"

"धुतलेल्या चादरीसारखं. इस्त्री नाही केलेली."

"मैदानावर अजून कोण आहे?"

"एक बगळा आहे. कोचबाईंसारखाच उभा आहे, एका पायावर, कंटाळून."

भिंगरी हसायची आणि हसताना तिचा श्वास चुकायचा. ताई रागवायची, मग तिचाही चुकायचा. त्या वेळी मैदानावर इतकं धुकं असायचं की ताईलाही दहा पावलांपलीकडचं दिसत नसे. वळणावरचे पांढरे पट्टे धुक्यातून तेवढ्यापुरते वर यायचे आणि पायाखालून निघून जायचे. अशा वेळी ताईला वाटायचं, आपण पळतच नाही आहोत. आपण एका जागी आहोत आणि जमीनच कुणीतरी हळूच मागे ओढून घेतंय.

असे दोन-तीन हंगाम गेले. भिंगरी उंच झाली. शाळेतल्या तिच्या शेवटच्या वर्षी दोघींनी जिल्ह्याची दीड हजार मीटरची शर्यत सहज काढली आणि विभागीय फेरी आली. तिथून पुढे फक्त अंतिम स्पर्धा उरत होती, राजधानीच्या मोठ्या स्टेडियममधली. विभागीय फेरीतल्या पहिल्या तिघी तिकडे जाणार, बाकीच्यांचा हंगाम तिथंच संपणार.

त्या शर्यतीत शेवटच्या फेरीला ताईची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तोंडातून शब्द फुटेना. "वळण" म्हणायचं तर नुसतं "व" निघालं. आणि तेवढ्यात तिला शेजारचा श्वास ऐकू आला. शांत, सावकाश, दुपारी झोपलेल्या माणसासारखा. दोरी सैल लोंबत होती. भिंगरी तिच्या पावलात पाऊल टाकून, जरासुद्धा पुढे न सरकता, जणू फिरायला निघाल्यासारखी येत होती. दोघी दुसऱ्या आल्या. ताई गवतावर कोसळली आणि भिंगरी तिच्याजवळ उकिडवी बसून विचारू लागली, "पाणी आणू का तुला?"

कोचबाईंनी ताईकडे एकदा पाहिलं. मग टोपी काढून परत घातली. ताईला तेवढं पुरलं.

त्यानंतर पत्रं वाटताना तिचं लक्ष लागेना. शिंप्याची पत्रं न्हाव्याकडे पडली, न्हाव्याची दंतवैद्याकडे. आजीबाई खिडकीतून म्हणाल्या, "ताई, आज कुणाच्या तंद्रीत आहेस? लग्न ठरलं की काय?" ताई हसली आणि पुढे गेली. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपण हिच्या शेजारी इतकी वर्षं पळलो, पण हिला पळताना पाहिलंय कधी? खांदा दिसतो, कोपर दिसतं, कानामागची बट दिसते. अख्खी भिंगरी कधी दिसली?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती भिंगरीला मैदानावर नाही, गावाबाहेरच्या मोकळ्या कुरणावर घेऊन गेली. गवत नुकतंच कापलेलं होतं आणि जमीन चटईसारखी सपाट होती. ताईनं स्वतः आधी ती सगळी चालून पाहिली, दोन दगड होते ते उचलून टाकले.

"इथं उभी राहा," ती म्हणाली. "मी त्या टोकाला जाते आणि हाक मारते. तू हाकेकडे पळत ये. मोकळी. दोरीबिरी काही नाही."

"आणि खड्डा असला तर?"

"मी पाहिलंय."

"तू पाहिलंयस ना? मग झालं."

ताई चालत गेली. धुकं इतकं दाट होतं की मागे वळून पाहिलं तेव्हा भिंगरी नव्हतीच, नुसता पांढरेपणा होता. तिनं हाक मारली. "ये!" मग पुन्हा, "ये गं, ये!"

काही क्षण काहीच झालं नाही. मग पायांचा आवाज आला, हलका आणि भराभर. आणि धुक्यातून ती बाहेर आली, आधी नुसती एक सावली, मग गुडघे, मग हात, मग तो वर उचललेला चेहरा. ती पावलं मोजून टाकत नव्हती, चाचपडत नव्हती. तिचे पाय जमिनीला लागत होते ते जणू ओळख दाखवण्यापुरते. केस मागे, तोंड किंचित उघडं, आणि अंगात कुठंही भीतीचा लवलेश नाही. ताई हाक मारायची विसरली.

"ताई?" भिंगरी पळता पळताच ओरडली. "ताई, कुठं आहेस?"

"इथंच!" ताई भानावर आली आणि हात पसरून उभी राहिली. भिंगरी अशी येऊन आदळली की दोघी गवतात लोळल्या.

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग ताई आभाळाकडे बघत म्हणाली, "अंतिम शर्यतीला मी नाही पळणार तुझ्याबरोबर."

भिंगरी हसायची थांबली. "का?"

"कारण तू माझ्यासाठी हळू पळतेस."

"मग काय झालं? मला आवडतं हळू."

"खोटं बोलू नकोस. आत्ता पाहिलं मी."

"मला जिंकायचं नाहीये," भिंगरी उठून बसली. तिचा आवाज चढला. "मला तुझ्याबरोबर पळायचंय. दोन्हीत फरक आहे, कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणून तर रोज पहाटे पळू की आपण, म्हाताऱ्या होईपर्यंत. पण त्या दिवशी तुझ्याइतकं पळणारं कुणीतरी पाहिजे."

भिंगरीनं घरी येईपर्यंत ताईचा हात धरला नाही. काठी टेकत टेकत पुढे चालत राहिली. घरी आल्यावर वर न जाता लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, जिथं हॉटेलच्या चादरी वाळत असत, तिथं जाऊन बसली. चादरींच्या रांगांमध्ये तिची नुसती पावलं दिसत होती.

बाबांनी इस्त्री उभी केली. ते फारसं बोलणारे नव्हते. बोलायचे तेव्हाही कपड्यांशी बोलल्यासारखं. त्यांनी एक चादर बाजूला सारली.

"तू पहिल्यांदा चाललीस ना, तेव्हाही अशीच फुगून बसली होतीस," ते म्हणाले. "ताईनं बोट सोडलं म्हणून. चाललीस त्याचा आनंद राहिला बाजूला."

"मग मी काय केलं?"

"दिवसभर तिचं बोट धरलं नाहीस. तिच्याशिवाय घरभर हिंडलीस. तिला धडा शिकवायला."

चादरींच्या मागून नाक ओढल्याचा आवाज आला. "कोण आहे दुसरं?" भिंगरीनं विचारलं.

दुसरी कोण, ते कोचबाईंनी आधीच हेरून ठेवलं होतं. भिंगरीच्याच शाळेतली एक लांबलचक मुलगी होती, सगळे तिला शिडी म्हणत. विभागीय फेरीत मुलींच्या दीड हजारला ती चौथी आली होती. एका खांद्यानं हुकली, आणि तिचा हंगाम तिथंच संपला. तेव्हापासून ती बूट कपाटावर टाकून, कुणाशी न बोलता शाळेत येत होती. कोचबाईंनी विचारलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "म्हणजे मी अंतिम स्पर्धेला जाणार? पळायला?" आणि बूट खाली काढायला घरी गेली. शिडीनं कपाटावरून काही काढायचं म्हणजे हात वर करायचीसुद्धा गरज नव्हती, असं शाळेत नंतर सांगत.

पण पहिल्या दिवशी सगळं फसलं. शिडीचे पाय लांब, भिंगरीचे आखूड आणि चपळ. हात एकमेकींवर आपटत होते. आणि शिडी पळताना तोंड उघडत नव्हती. वळण आलं की नुसती दोरी ओढायची. भिंगरी एकदा गवतात गेली, एकदा कुंपणाच्या जाळीपर्यंत. शेवटी ती दोरी सोडून उभी राहिली.

"ताई, हा विजेचा खांब आहे. बोलतच नाही."

कडेला उभी असलेली ताई पुढे आली. "बोल ना तिच्याशी," ती शिडीला म्हणाली.

"काय बोलू?"

"जे दिसेल ते."

शिडीचे कान लाल झाले. "ताई, खरं सांगू? मला पळताना काही दिसतच नाही. सगळं पांढरं होतं."

मग भिंगरी पोट धरून हसायला लागली. "म्हणजे दोघी सारख्याच! कोचबाई, आम्हाला अजून एक गाईड द्या!" शिडीही हसली, आधी चोरून, मग मोकळेपणानं. त्यानंतर तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. ती आडवं-तिडवं काहीही सांगायची. "समोर वळण. वळणावर एक माणूस जांभई देतोय. आता मलाही जांभई येतेय. सरळ, सरळ." ताई ते ऐकत पायऱ्यांवर बसायची. वळण आलं की 'डावीकडे झुक' तिच्याही ओठांवर यायचं. मग ती उठून पिशवी उचलायची आणि कामाला जायची.

अंतिम स्पर्धेचा दिवस स्वच्छ उजाडला. स्टेडियम एवढं मोठं होतं की पलीकडच्या बाजूची माणसं वाळत घातलेल्या रंगीत रुमालांसारखी दिसत होती. एकीकडे एक मुलगी लोखंडी बैठकीला पट्ट्यांनी पाय बांधून गोळा फेकत होती आणि प्रत्येक फेकीनंतर स्वतःवरच वैतागत होती. तीनचाकी शर्यतीच्या खुर्च्यांवर मुलगे हातमोजे घालून चाकांना थापट्या मारत सरावाच्या फेऱ्या घेत होते. त्यांचा आवाज दूर पडणाऱ्या पावसासारखा येत होता. ताई आणि बाबा कठड्याजवळच्या रांगेत बसले. बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. इतकी कडक इस्त्री की त्यांना वाकता येत नव्हतं.

भिंगरीची शर्यत पुकारली तेव्हा मैदानाच्या मध्यावर न दिसणाऱ्या मुलांच्या लांब उड्या चालू होत्या. उडी मारणाऱ्याला वाळूपाशी उभ्या असलेल्या माणसाची हाक ऐकू यायला हवी, म्हणून भोंग्यावरून विनंती झाली: कृपया कुणीही आवाज करू नये, टाळ्यासुद्धा नकोत. आनंद झाला तर हात वर करा.

आणि ती अख्खी शर्यत अशी निःशब्द झाली.

सहा जोड्या होत्या. सगळ्या मुलींच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या, कुणाला अंधुकसं दिसत असलं तरी सगळ्यांना सारखाच अंधार. बार झाला आणि त्या निघाल्या. एवढ्या माणसांत नुसत्या पावलांचा आवाज, आणि अधूनमधून वाळूकडून येणारी हाक, "इकडे, इकडे, इकडे." ताईला आपण पाण्याखाली बसलो आहोत असं वाटू लागलं. समोरून रंग सरकत होते, लाल, पिवळा, मग भिंगरीचा निळा. शिडी तिच्या बाजूला वाकून पळत होती, तिचे ओठ सतत हलत होते. काय बोलत होती ते ताईला ऐकू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीच्या कानात काहीतरी सांगितलं जात होतं आणि ते ताईला ठाऊक नव्हतं.

भिंगरी आधी पाचवी होती, मग चौथी. शेवटच्या फेरीची घंटासुद्धा वाजली नाही. पंचानं नुसतं लाल निशाण हलवलं. आणि तिथून भिंगरी सुटली. कुरणावर धुक्यातून आली होती तशीच, चेहरा वर उचलून. शिडीला पहिल्यांदाच लांब पाय पूर्ण टाकावे लागत होते. त्यांनी तिसरीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं. ताई कधी उभी राहिली तिला कळलं नाही. तिचे दोन्ही हात वर होते. आजूबाजूला बघितलं तर सगळ्या रांगांमध्ये हात वर होते, हजारो हात, आणि कुणाच्याही तोंडून आवाज नाही. बाबाही उभे होते. शर्टाची इस्त्री मोडली होती.

पुढे एकच जोडी उरली होती, एक बुटकी मुलगी आणि तिचा दाढीवाला मामा. भिंगरी तिच्या खांद्यापर्यंत आली, मानेपर्यंत आली, आणि रेषा संपली.

दुसरी.

ताई जिना उतरून धावली, तर फाटकावरच्या माणसानं अडवलं. मैदानावर जायचं नाही, चाकाच्या खुर्च्यांची शर्यत लागतेय. "माझी बहीण आहे हो तिकडे!" "इथं सगळ्यांच्या बहिणी आहेत," तो शांतपणे म्हणाला. मग ताई कठड्याला धरून उभी राहिली. खुर्च्या समोरून सरसरत गेल्या, आणि त्या गेल्यावर पलीकडच्या गवतावर तिला दोघी दिसल्या. शिडी आडवी पसरली होती. भिंगरी तिच्यावर पाणी ओतत होती. फाटक उघडल्यावर ताई जवळ गेली आणि तिची पावलं ओळखून भिंगरीनं मान वळवली.

"एवढं सगळं करून दुसरीच!" ती म्हणाली. "तुझ्याबरोबर पळूनही दुसरीच आले होते. फुकटची दमणूक." आणि ताईच्या गळ्यात पडून ती एकदम रडायला लागली. रडता रडता तिचं बोलणं चालूच. "शेवटच्या वळणावर ना, शिडी म्हणाली, ताई दिसतेय. म्हणाली, उभी आहे. दोन्ही हात वर केलेत, रडतेय बहुतेक. मी म्हटलं, मग पळ लवकर."

"मी रडत नव्हते," ताई म्हणाली.

"होतीस," गवतातून शिडी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये शिडी मागच्या अख्ख्या सीटवरही मावेना, पाय वाटेत सोडून ती झोपली. बाबा खिडकीला डोकं टेकून पेंगत होते. उन्हं उतरत होती, आणि बसच्या काचांतून शेतं, खांब, घरं सोनेरी होऊन मागे जात होती. भिंगरीनं ताईच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. ती झोपली असं ताईला वाटलं, तेवढ्यात तिनं विचारलं,

"ताई, मी पळताना कशी दिसते?"

ताई दचकली. इतकी वर्षं तिनं भिंगरीला आभाळ सांगितलं होतं, बगळे सांगितले होते, दुसऱ्यांच्या शर्टांचे रंग सांगितले होते. हे कधी सांगितलं नव्हतं. तिलाच कुठं ठाऊक होतं?

"थांब, नीट सांगते," ती म्हणाली. "मान वर असते. अशी." तिनं भिंगरीची हनुवटी दोन बोटांनी उचलली. "जणू वरून कुणीतरी तुला काहीतरी सांगतंय आणि तू ऐकतेयस."

"तोंड उघडं असतं?"

"थोडंसं."

"म्हणजे वेडगळ दिसते."

"अजिबात नाही. हात पाहिले तर वाटतं, पाण्यातून चाललेत. आणि पाय..." ताई थांबली. शब्द सापडेना.

"पायांचं काय?"

"सांगते ना, घाई काय आहे," ताई म्हणाली. बस वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली. भिंगरीनं पाय वर घेतले, नीट मांडी घालून तिच्याकडे तोंड करून बसली आणि दोन्ही हात मांडीत ठेवून वाट पाहू लागली.